संगणक-शंका : सर्व्हर, सामायिक प्रिंटर आणि कार्यालयातले नेटवर्क

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत : टेबलावरचा डेस्कटॉप कार्यालयातल्या सर्व्हरशी किंवा सर्वांनी वापरायच्या प्रिंटरशी जोडताना येणाऱ्या अडचणी. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून हे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमचे वकिलीचे कार्यालय भाऊसिंगजी रोडला आहे. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झाल्यापासून काम वाढले, म्हणून विंडोज ११ चा नवा डेस्कटॉप घेतला आणि लेझर प्रिंटर यूएसबी केबलने त्याला जोडून इतरांसाठी शेअर केला. ज्युनिअरांच्या विंडोज १० च्या संगणकावर हा प्रिंटर जोडू लागलो की तो प्रशासकाचा पासवर्ड मागतो. टायपिस्टचा जुना विंडोज ७ चा संगणक तर शेवटी '११बी' असलेला त्रुटी-क्रमांक दाखवून थांबतो. दुरुस्तीला येणारे गृहस्थ म्हणतात, 'अपडेट काढून टाकतो, रजिस्ट्रीत एक नोंद बदलतो, लगेच चालेल.' तसे करू द्यावे का?
— एक वकील, भाऊसिंगजी रोड

उत्तर : करू देऊ नये. प्रिंट निघेल, पण ज्या संगणकावर आपल्या अशिलांची कागदपत्रे आहेत त्याचेच एक दार उघडे राहील.

यूएसबीने जोडलेला प्रिंटर शेअर केला की तो संगणक आपोआप इतरांचा प्रिंट सर्व्हर होतो. सर्वांची कामे आधी त्याच्या स्पूलरमध्ये, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या सेवेत जमा होतात आणि तिथून प्रिंटरकडे जातात. याच स्पूलरमध्ये २०२१ च्या जुलै महिन्यात 'प्रिंटनाइटमेअर' या नावाने गाजलेला दोष उघड झाला. नेटवर्कवरच्या साध्या वापरकर्त्यालाही त्या दोषाच्या आधारे दुसऱ्याच्या संगणकावर सर्वोच्च अधिकाराने हवा तो प्रोग्रॅम चालवता येत होता. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने नियम बदलला आणि शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, उतरवून घेण्यासाठी प्रशासकाचा अधिकार सक्तीचा केला. ज्युनिअरांच्या संगणकावर जो पासवर्ड मागितला जातो तो यामुळे. तिथे बिघाड काहीच नाही. त्या संगणकाच्या प्रशासकाने एकदा पासवर्ड टाकून ड्रायव्हर बसवला की काम झाले.

'११बी'ची गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून, प्रिंटर शेअर करणारा संगणक समोरच्या संगणकाकडून अधिक कडक, सांकेतिक स्वरूपातल्या संभाषणाची मागणी करतो. ज्या संगणकात ती सुधारणा पोहोचलेली नाही त्याला ही मागणी पुरी करता येत नाही आणि तो हा क्रमांक दाखवतो. विंडोज ७ चा सर्वसाधारण ग्राहकांसाठीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला, त्यामुळे टायपिस्टच्या संगणकाला ही सुधारणा नेहमीच्या वाटेने मिळालेलीच नाही. रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या वहीतली, ती नोंद बदलणे याचा अर्थ नव्या संगणकाला 'कोणी कसेही आले तरी आत घे' असे सांगणे. एका जुन्या संगणकासाठी नव्या संगणकाची कडी काढून ठेवण्यात काही शहाणपण दिसत नाही.

खरा उपाय बहुधा प्रिंटरच्या पाठीमागेच असतो. प्रिंटर फिरवून पाहावा. यूएसबी केबल जिथे बसते त्या चौकोनी छिद्राजवळ टेलिफोनच्या सॉकेटसारखे पण त्याहून रुंद छिद्र असेल, तर तो लॅनचा, म्हणजे कार्यालयातल्या नेटवर्कची केबल लावण्याचा, पोर्ट आहे. अनेक कार्यालयांत या पोर्टवरचे प्लॅस्टिकचे झाकण वर्षानुवर्षे निघालेले नसते. तिथून राउटरपर्यंत किंवा स्विचपर्यंत (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीपर्यंत) एक केबल टाकावी आणि यूएसबी केबल काढून टाकावी. आता प्रिंटर कोणा एका संगणकाचा राहत नाही. नवा संगणक बंद असला, झोपेत गेला असला, तरी सकाळी दहा वाजता दाव्याची प्रत काढणारे अडून राहत नाहीत.

पुढचे पाऊल बहुतेक जण गाळतात, आणि महिन्याभरातल्या 'प्रिंटर ऑफलाइन' या तक्रारीचे मूळ तिथेच असते. राउटर प्रत्येक उपकरणाला जो आयपी पत्ता देतो तो कायमचा नसतो. वीज जाऊन आली की प्रिंटरला दुसराच पत्ता मिळू शकतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद धाडत राहतात. प्रिंटरच्या मेनूतून त्याचे माहितीपत्रक छापून घ्यावे. त्यावर सध्याचा आयपी पत्ता असतो आणि बारा चिन्हांचा मॅक पत्ताही, म्हणजे त्या उपकरणाची स्वतःची ओळखखूणही, असते. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या, विभागात जाऊन या मॅक पत्त्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. नंतर प्रत्येक संगणकावर प्रिंटर जोडताना आपोआप सापडलेल्या यादीतले नाव न निवडता 'स्वतः जोडा' हा पर्याय घेऊन आयपी पत्त्याचा मार्ग स्वीकारावा, उपकरणाचा प्रकार टीसीपी/आयपी असा द्यावा आणि राखून ठेवलेला पत्ता टाकावा. अंक इंग्रजी कळफलकानेच टाकावेत. मराठी कळफलक चालू राहिल्याने पत्ता नाकारला गेल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. ड्रायव्हर प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठीचा घ्यावा. विंडोजने आपोआप शोधलेला प्रिंटर पुष्कळदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर बसतो आणि तो पोर्ट अधूनमधून प्रिंटर हरवतो, म्हणून हा थोडा लांबचा रस्ता. एवढे करूनही प्रिंटर चालू असताना संगणक त्याला 'ऑफलाइन' म्हणत असेल, तर प्रिंटरच्या गुणधर्मांत पोर्टची मांडणी उघडून 'एसएनएमपी स्टेटस'समोरची खूण काढून पाहावी.

या पद्धतीत टायपिस्टचा विंडोज ७ चा संगणकही छपाई करू शकेल, कारण मध्ये दुसरा संगणकच नाही. तरी त्या संगणकाला इंटरनेट देऊ नये, आणि जमेल तेव्हा तो बदलावा. विंडोज १० चाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे ज्युनिअरांच्या संगणकाबाबत ध्यानात असू द्यावे.

प्रिंटरला लॅनचा पोर्ट नसेल पण वाय-फाय असेल, तरी पत्ता राखण्याची रीत तीच. मात्र पुष्कळ स्वस्त प्रिंटरांना २.४ गिगाहर्ट्झचेच वाय-फाय समजते, आणि पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असलेल्या संगणकाला तो सहसा दिसत नाही. हे दोन्ही आधी तपासावे. दोन्ही सोयी नसतील तर शेअरिंगच करावे लागेल. मग शेअरचे नाव लहान आणि मधे जागा न सोडता द्यावे, प्रिंटर जोडलेल्या संगणकाची 'स्लीप' बंद करावी, आणि अडणाऱ्या संगणकावर आधी ड्रायव्हर बसवून 'लोकल पोर्ट' या प्रकारात दोन बॅकस्लॅश, संगणकाचे नाव, एक बॅकस्लॅश, प्रिंटरचे नाव असा मार्ग लिहून पाहावा. बहुतेक ठिकाणी एवढ्याने काम भागते आणि रजिस्ट्रीला हात लावावा लागत नाही.

प्रश्न : आम्ही करसल्लागार आहोत. कोपऱ्यातल्या एका संगणकाला आम्ही 'सर्व्हर' म्हणतो. त्यावरच्या एका फोल्डरमध्ये टॅलीचा डेटा आणि ग्राहकांची विवरणपत्रे असतात. इतर संगणकांवर तो फोल्डर पासवर्डशिवाय उघडायचा. विंडोज ११ प्रोचा नवा संगणक मात्र नाव आणि पासवर्ड विचारतो, आणि सर्व्हरवर रोज टाकतो तो चार आकडी क्रमांक दिला तरी नाकारतो. शिवाय 'नेटवर्क'मध्ये सर्व्हरचे नाव कधी दिसते, कधी गायब होते. एसएमबी-१ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत चालू केली की सगळे सुटते असे कळले. खरे का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत.

आधी तो चार आकडी क्रमांक. तो पिन आहे, पासवर्ड नव्हे. पिन फक्त त्याच संगणकासमोर बसून आत जाण्यासाठी असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. नेटवर्कवरून येताना त्या खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, आणि खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज मूळ मांडणीत अशा खात्याला नेटवर्कवरून आत घेतच नाही.

दुसरी अडचण 'पाहुणा' प्रवेशाची. आजवर पासवर्ड न देता फोल्डर उघडत होता, याचा अर्थ आपले संगणक सर्व्हरवर पाहुणे म्हणून जात होते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रो प्रकारात हा पाहुणा प्रवेश मुळातच बंद आहे आणि देवाणघेवाणीतल्या प्रत्येक संदेशावर सांकेतिक स्वाक्षरी सक्तीची आहे. पाहुण्याला पासवर्ड नसतो, त्यामुळे स्वाक्षरीही करता येत नाही. हा नियम सैल करण्याची सोय आहे, पण लोकांच्या पॅन क्रमांकांनी आणि बँकेच्या उताऱ्यांनी भरलेला फोल्डर येईल त्याला उघडा असणे हीच आजवरची चूक होती असे माझे मत आहे, तेव्हा नव्या संगणकाने अडवले ते बरेच केले.

सर्व्हरवर प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी एक स्थानिक खाते काढावे आणि त्याला पासवर्ड द्यावा. फोल्डरला दोन ठिकाणी परवानग्या असतात : एक शेअरिंगच्या खिडकीत, दुसरी 'सिक्युरिटी' या पानावर. दोन्ही लागू होतात आणि त्यांतली कडक असेल ती चालते. एका ठिकाणी 'बदल करण्याची' परवानगी देऊन दुसरीकडे 'फक्त वाचा' राहिले, तर फाइल उघडते पण जतन होत नाही, आणि मग लोक टॅलीला दोष देत बसतात. यानंतर कर्मचाऱ्याच्या संगणकावर विंडोजची कळ आणि आर दाबून उघडलेल्या चौकटीत दोन बॅकस्लॅश व पुढे सर्व्हरचा पत्ता लिहावा. नाव विचारले की आधी सर्व्हरचे नाव, मग एक बॅकस्लॅश, मग खात्याचे नाव असे द्यावे, म्हणजे कोणत्या संगणकावरचे खाते याविषयी घोळ होत नाही. 'लक्षात ठेवा'वर खूण केली की हे तपशील क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जमा होतात. पुढे पासवर्ड बदलल्यावर अडचण आली तर तिथली जुनी नोंद खोडावी. एकाच संगणकावरून एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या खात्यांनी जोडू गेल्यास विंडोज ते नाकारते. अशा वेळी आधीच्या जोडण्या तोडून, किंवा सरळ संगणक पुन्हा चालू करून, नव्याने जोडावे. शेवटी त्या फोल्डरला ड्राइव्हचे एक अक्षर द्यावे, म्हणजे टॅलीतला डेटाचा मार्ग सर्व संगणकांवर सारखा राहतो.

तिसरी अडचण नाव गायब होण्याची. 'नेटवर्क'मधली यादी ही निव्वळ सोय आहे. तिथे नाव दिसले नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असे होत नाही, आणि नाव दिसले म्हणून फोल्डर उघडेलच असेही नाही. सर्व्हरलाही प्रिंटरप्रमाणे पत्ता राखून द्यावा आणि थेट पत्त्याने जावे. यादीकडे पाहूच नये. नेटवर्कचा प्रकार मात्र दोन्हीकडे 'प्रायव्हेट' आहे ना, एवढे पाहावे. नवा राउटर आला की विंडोज त्याला बहुधा 'पब्लिक' समजते आणि फायरवॉल शेअरिंग अडवते. त्यासाठी पूर्ण फायरवॉल बंद करण्याची गरज कधीच नसते.

आता एसएमबी-१. ते चालू केल्यावर ती यादी पुन्हा नीट दिसू लागते हे खरे, म्हणून तो सल्ला टिकून आहे. पण मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने याच जुन्या पद्धतीच्या विंडोजमधल्या दोषाचा फायदा घेतला होता. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता, आणि ज्यांनी तो बसवला नव्हता त्यांना फटका बसला. त्या वर्षअखेरीच्या विंडोज १० पासून नव्या संगणकात एसएमबी-१ मुळातच बसवलेले नसते. आपल्याकडे जुने झेरॉक्स-स्कॅन यंत्र असेल आणि ते फोल्डरमध्ये स्कॅन टाकताना फक्त एसएमबी-१ बोलत असेल, तर त्याचे फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) अद्ययावत होते का ते विचारावे, नाहीतर स्कॅन ई-मेलने घ्यावे.

दोन गोष्टी जाता जाता. साध्या विंडोजच्या संगणकाला एका वेळी जास्तीत जास्त २० संगणकांच्या जोडण्या चालतात, त्यामुळे तेवढ्यात भागणाऱ्या कार्यालयाला वेगळ्या सर्व्हर विंडोजची घाई नाही. आणि पत्ता शाहूपुरीचा आहे म्हणून लिहितो : २०१९ आणि २०२१ चा महापूर आपल्याकडच्यांना सांगायला नको, तो 'सर्व्हर' तळमजल्यावर टेबलाखाली फरशीवर ठेवलेला असेल तर आजच वरच्या मजल्यावर न्यावा, आणि डेटाची एक प्रत दुसऱ्या इमारतीत राहील अशी व्यवस्था करावी.

प्रश्न : आमच्या छापखान्यात सर्व्हरवर ठेवलेली लग्नपत्रिकेची फाइल एका संगणकावर नीट दिसते, दुसऱ्यावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. नेटवर्कमधून येताना फाइल बिघडते का?
— एक मुद्रक, लक्ष्मीपुरी

उत्तर : नाही. फाइल शाबूत आहे, दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असतात. त्यांना मराठी रूप फॉन्ट देतो. फॉन्ट सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये असून चालत नाही, ज्या संगणकावर फाइल उघडायची त्या प्रत्येकावर तो परवान्यासह बसवावा लागतो. फक्त छपाईसाठी फाइल दुसरीकडे पाठवायची असेल तर फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ करून पाठवावी. नवे काम युनिकोडमध्येच केलेले बरे.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. ऑफिसातला सर्व्हर आणि शेडपलीकडच्या स्टोअरमधला डेस्कटॉप यांच्यात वाय-फाय होते, ते सारखे तुटायचे. म्हणून बाहेरून, विजेच्या केबलीच्या ट्रेमधूनच, लॅन केबल नेली. तरी स्टोअरमधून चलन छापताना मधेच जोडणी जाते, संगणक कधी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवतो, आणि वळवाच्या पावसात विजा झाल्या तेव्हा दोन्हीकडचे स्विच जळाले. काय करावे?
— एक उद्योजक, शिरोली

उत्तर : तो पत्ता पाहिल्याबद्दल आपले कौतुक केले पाहिजे, कारण निदान त्यातच आहे. १६९.२५४ चा पत्ता राउटर देत नाही. राउटरकडून काहीच उत्तर आले नाही की संगणक तो स्वतःच घेतो. म्हणजे त्या क्षणी केबल तुटल्यातच जमा असते, आणि सर्व्हरच्या किंवा प्रिंटरच्या मांडणीत खटपट करून काही हाती लागणार नाही.

तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे, आणि त्यात दोन्ही टोकांच्या छोट्या केबलीही धरायच्या असतात. भिंतीतून जाणारी मुख्य केबल ९० मीटरच्या आत ठेवावी. शेडला वळसा घालून, वर चढून, खाली उतरून आपली केबल किती होते ते टेप लावून मोजावे, अंदाजाने नव्हे. दुसरे कारण तो ट्रे. भट्टीला जाणाऱ्या मोठ्या विद्युतप्रवाहाच्या केबलींना खेटून नेलेल्या लॅन केबलीत गडबड होणारच, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही दोन्ही एका ट्रेमध्ये असू नयेत.

पण विजांचा विचार केला तर केबल बदलून आणि ट्रे वेगळा करूनही भागणार नाही. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार ओढली की एका इमारतीतला विजेचा धक्का दुसरीत जायला वाट मिळते. दोन इमारतींची अर्थिंग वेगवेगळी असली तर वीज प्रत्यक्ष अंगावर न पडताही, जवळ कडाडली तरी, पोर्ट जळतात. म्हणून ऑफिस ते स्टोअर हा तुकडा ऑप्टिकल फायबरचा करावा. फायबरच्या काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. मात्र बळकटीसाठी धातूची तार किंवा चिलखत असलेली केबल घेऊ नये, नाहीतर मूळ हेतूच फसतो. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारी डबी) किंवा फायबरचा पोर्ट असलेला स्विच बसतो, आणि शंभर मीटरची अडचणही त्याच फटक्यात सुटते. दोन्हीकडच्या स्विचला छोटा यूपीएस द्यावा.

वाय-फायवर परत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. छपाईचे एखादे काम पुन्हा पाठवता येते, पण सर्व्हरवरची हिशेबाची फाइल उघडी असताना जोडणी तुटली तर डेटा खराब होण्याचा धोका असतो.

प्रश्न : शाळेतल्या संगणक-कक्षात उबुंटू आहे आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत लॅनचा पोर्ट असलेला प्रिंटर आहे. कार्यालयातल्या विंडोजच्या संगणकावरचा निकालपत्रांचा फोल्डरही उघडायचा आहे. उबुंटूवर हे जमते का?
— एक शिक्षिका, भुदरगड तालुका

उत्तर : जमते, आणि प्रिंटर जरा नव्या पिढीचा असेल तर विंडोजपेक्षा लवकर जमते. उबुंटूतली छपाई कप्स ही यंत्रणा पाहते. प्रिंटर त्याच नेटवर्कवर असून त्याला आयपीपी ही नेटवर्कवरून छपाईची पद्धत येत असेल तर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय तो सेटिंग्जमधल्या यादीत आपणहून दिसतो. दिसला नाही तर त्याचा पत्ता टाकून जोडावा. पत्ता वरच्या पहिल्या उत्तरातल्या रीतीने राखून ठेवलेला असावा.

फोल्डरसाठी फाइल्सच्या खिडकीत 'अदर लोकेशन्स'मध्ये किंवा नव्या आवृत्तीत 'नेटवर्क'मध्ये जाऊन खालच्या पट्टीत इंग्रजी कळफलकाने smb, कोलन (:), दोन सरळ तिरप्या रेघा (//) आणि पुढे त्या संगणकाचा पत्ता लिहावा. विंडोजमध्ये रेघा उलट्या असतात, इथे सरळ. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड त्या विंडोजच्या संगणकावरचा द्यावा लागेल, उबुंटूतला नव्हे. विद्यार्थी बसतात त्या संगणकांवर हा पासवर्ड 'कायम लक्षात ठेवा' असे करू नये, आणि निकालपत्रांच्या फोल्डरला कक्षातून जाणाऱ्या खात्यासाठी फक्त वाचण्याची परवानगी द्यावी.